मदत हवी आहे: आजोबांची जुनी ग्रीनर दुनळी वापरण्याजोगी आहे का, कसे ठरवावे?

नमस्कार मंडळी,

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या घरी आजोबांची १२ बोअरची दुनळी बंदूक आहे. नळ्या शेजारी-शेजारी, चाप दोन, आणि मधल्या पट्टीवर ‘डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर, बर्मिंगहॅम’ असे कोरलेले. आजोबांकडे ती पीकसंरक्षणाच्या परवान्यावर होती. ते गेल्यावर आम्ही ती रीतसर शस्त्रविक्रेत्याकडे जमा केली. वारस म्हणून परवाना माझ्या नावावर झाला आणि बंदूक परत घरी आली. कागदपत्रांची अडचण नाही, प्रश्न बंदुकीचाच आहे.

धाकटे काका म्हणतात, विकून टाक आणि नवी देशी घे. माझे मन तयार नाही. ऐंशीच्या दशकापासून सामान्य माणसाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही, त्यामुळे गेलेली अशी वस्तू पुन्हा मिळणे कठीण. शिवाय तिचे काम बघत राहावे असे आहे. नळ्या मिटल्या की सांध्यात कागदही जाणार नाही. सेफ्टी नेहमीसारखी वर नसून दस्त्याच्या डाव्या बाजूला आहे. मला शिकार करायची नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर तो विषयच संपला. मातीच्या उडत्या तबकड्यांवर ती चालवायची इच्छा आहे. खंडेनवमीला पूजा करून पुन्हा कपाटात, एवढ्यापुरती अशी बंदूक ठेवणे मला पटत नाही.

गावातले एक गृहस्थ म्हणाले, ‘खडकीच्या दारूगोळा कारखान्याचे काडतूस सहज बसते, म्हणजे चालते.’ हे बरोबर आहे का? नळ्यांच्या खालच्या बाजूला बारीक शिक्के आहेत. मुकुटाखाली बीपी, मुकुटाखाली बीव्ही, मुकुटाखाली एनपी. आणि एका चौकटीत, जी हिऱ्यासारखी उभी आहे, १२ व त्याखाली सी. जाणकारांनी कृपया अर्थ सांगावा. तोवर एकही बार काढणार नाही.

प्रतिसाद

थांबलात हे फार चांगले केलेत. ‘बसते म्हणजे चालते’ हा समज सर्वांत धोकादायक आहे.

काडतुसाच्या डब्यावर ६५ किंवा ७० मिमी लिहिलेले असते, ती उडाल्यानंतरची, तोंड पूर्ण उघडल्यावरची लांबी. न उडालेल्या काडतुसाचे तोंड आत दुमडलेले असल्याने ते आखूड असते. म्हणून ७० मिमीचे काडतूस ६५ मिमीच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या काडतूस बसायच्या पोकळीत, आरामात बसते आणि बंदूक मिटतेही. बार निघताना मात्र ती दुमड उलगडून चेंबरच्या पुढच्या अरुंद उतारात घुसते, छर्ऱ्यांची वाट आवळली जाते आणि दाब वाढतो. जुन्या इंग्रजी १२ बोअरच्या बंदुका बहुतेक अडीच इंची, म्हणजे आजच्या भाषेत ६५ मिमीच्या.

आता शिक्के. बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस १८१३ पासून आहे. तिथे मुद्दाम जास्त दाबाचा बार काढून नळ्या तपासतात. बीव्ही म्हणजे डोळ्यांनी केलेली तपासणी, बीपी म्हणजे काळ्या दारूची चाचणी, एनपी म्हणजे धूरविरहित दारूची. तिसरा शिक्का नसता, तर आजची काडतुसे तिच्यात घालूच नका असे सांगितले असते. १२ खाली सी म्हणजे १२ बोअरचे, ३ इंचांहून आखूड चेंबर. नेमकी लांबी इंचांत ठोकायला १९२५ पासून सुरुवात झाली. तुमच्या बंदुकीवर ती नसेल, तर हे शिक्के १९०४ ते १९२५ या काळातले असावेत. चेंबर मोजूनच घ्यावे लागेल.

आणि लक्षात ठेवा, एनपी सांगतो तो त्या दिवसाचा निकाल. त्यानंतर कोकणातल्या किती पावसाळ्यांचा गंज चढला आणि कोणी किती वेळा आतून घासून काढला, ते त्यात नाही.

प्रतिसाद

कारागिराकडे नेण्यापूर्वी घरी दोन गोष्टी पाहता येतील. बंदूक रिकामी असल्याची खात्री करा, मग पुढचा लाकडी भाग काढून नळ्या मिटा आणि हलवून बघा. खुळखुळ जाणवली तर बिजागरी झिजली आहे. दुसरे, नळ्या सुट्या करून हुकाला टांगा आणि लाकडी काठीने हलकेच टिचकी मारा. नाद घंटेसारखा लांबला पाहिजे. बद्द आवाज आला तर मधल्या पट्टीचे डाख सुटले असण्याची शक्यता आहे.

नळ्यांवर लाटांसारखी नक्षी दिसते का, तेही पाहा. ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली दमास्कस नळी असते, तिचा विचार वेगळा करावा लागतो. रिकाम्या बंदुकीचा चाप ओढू नका. डमी काडतुसे घाला, नाहीतर आतल्या पिना तुटतात.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. नक्षी नाही, नाद स्वच्छ आहे, खुळखुळ नाही. जुन्या बंदुकांवर काम केलेल्या एका कारागिराला दाखवली. चेंबर ६५ मिमीच निघाले. डाव्या नळीत तोंडाकडे थोडे खड्डे आहेत, ते त्यांच्या मते वरवरचे. ‘रीमर (भोक वाढवायचे हत्यार) फिरवून चेंबर ७० करून देतो, मग कुठलेही काडतूस घाला,’ असे ते म्हणतात. करून घेऊ का?

प्रतिसाद

नाही, कृपया करू नका. रीमर धातू काढतो, आणि तोही दाब सर्वांत जास्त असतो त्या जागेजवळचा. इंग्लंडमध्ये असे काम केले तर नळ्या पुन्हा प्रूफ हाउसला पाठवाव्या लागतात. तुम्ही नुसता धातू काढाल आणि चाचणी कोणी करणारच नाही. शंभर वर्षे जुन्या बंदुकीवर हा प्रयोग नको. काडतूस बंदुकीला जुळवायचे, बंदूक काडतुसाला नाही.

खड्ड्यांबद्दल ‘वरवरचे’ यावर समाधान मानू नका. भिंतीची जाडी मोजायचे वेगळे यंत्र असते. दोन्ही नळ्या टोकापर्यंत मोजून आकडे लिहून मागा. आकडे देता येत नसतील, तर दुसरा कारागीर शोधा.

जाडी ठीक निघाली तर डब्यावर ६५ मिमी वाचूनच काडतुसे घ्या. छर्ऱ्यांचे वजन ३० ग्रॅमच्या आत, तबकड्यांसाठी २८ ग्रॅम पुरे. ७ किंवा ८ नंबरचे बारीक शिशाचे छर्रे. पोलादी छर्रे नकोत. एकगोळी (छर्ऱ्यांऐवजी एकच मोठी गोळी असलेले काडतूस) तर अजिबात नको, डावी नळी बहुधा घट्ट चोकची, म्हणजे तोंडाशी अरुंद केलेली, असेल.

चालवताना पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा. दूर जाणाऱ्या तबकडीला आधी उजवी. पुढचे लाकूड अगदी बारीक असते, त्यामुळे डावा हात नळ्यांवर येतो आणि त्या तापतात. कातडी हातमोजा घाला. जागा मात्र ट्रॅप-स्कीटची, म्हणजे उडत्या तबकड्यांवरच्या नेमबाजीची, परवानगी असलेली रेंजच हवी. दिल्लीच्या डॉ. कर्णी सिंग रेंजवर ही सोय आहे. जवळपासचे जिल्हा रायफल असोसिएशनला विचारा. शेतात चाचणी म्हणूनसुद्धा बार काढू नका.

धागाकर्ता

रीमरचा विचार सोडला. जाडी मोजणारे यंत्र असलेला कारागीर पुणे, कोल्हापूर किंवा बेळगावात कोणाच्या माहितीत असेल तर कृपया व्यक्तिगत संदेशात कळवा. बंदूक घेऊन प्रवास करायचा असल्याने परवान्याचे क्षेत्रही त्याआधी तपासून घेतो.