लांडगे, देवमासे आणि आमचा खडूचा फळा

खडूफळा

काल इथेच एक लेख आला, 'शॉप फ्लोअरची बौद्धिक दिवाळखोरी'. वाचला नसेल तर सार एवढंच: ड्यू डेट (माल द्यायची तारीख) बघून किंवा 'छोटं काम आधी' म्हणत मशीनवर जॉब लावणारे आम्ही सगळे गणिताचे वैरी. आता करड्या लांडग्यांच्या शिकारीवर बेतलेला अल्गोरिदम (संगणकी शोधपद्धत) आला आहे, वरून जॉब ओता आणि खालून इष्टतम वेळापत्रक गोळा करा. खाली टाळ्यांचा कडकडाट. प्रतिसाद लिहायला बसलो तो एवढा लांबला की वेगळा धागाच काढला.

पीपीसीत, म्हणजे कारखान्याच्या उत्पादन नियोजनात, २१ वर्षं गेली. तेव्हा चार शब्द बोलायचा हक्क आहे असं धरून चालतो.

'छोटं काम आधी' हा अडाण्यांचा आडाखा नव्हे. एका मशीनवर सरासरी फ्लो टाइम (काम आल्यापासून संपेपर्यंतचा वेळ) कमीत कमी हवा असेल तर तोच क्रम इष्टतम, हे स्मिथने १९५६ साली दाखवून दिलंय. सगळ्यात मोठा उशीर आटोक्यात ठेवायचा तर ड्यू डेटप्रमाणे लावा: जॅक्सन, १९५५. दोन मशीनच्या फ्लो शॉपला (सगळे जॉब त्याच क्रमाने मशीनवरून जातात) जॉन्सन, १९५४. लांडग्यांचा पेपर २०१४ चा. म्हणजे तुम्ही जिला दिवाळखोरी म्हणता ती लांडग्याच्या आजोबांच्या वयाची आहे आणि तिच्याकडे सिद्धता आहे. लांडग्याकडे आहे का?

दुसरं, लेखातले झाडून सगळे आलेख मेकस्पॅनचे, म्हणजे सगळी कामं संपेपर्यंतच्या एकूण वेळेचे. मला आजवर एकाही ग्राहकाने 'तुमचा मेकस्पॅन किती?' असं विचारलेलं नाही. 'माझा माल कधी?' एवढंच विचारतात, तेही चढ्या आवाजात.

आणि आता अनुभव. आमच्याकडे असलं एक सॉफ्टवेअर आलं होतं. रात्री दोन वाजता सेटरने (मशीन जॉबसाठी तयार करणाऱ्याने) फिक्स्चर (जॉब पकडून ठेवणारा साचा) चढवलं, डायल लावून शून्य केलं, पहिला पीस काढून क्वालिटीला पाठवला. तेवढ्यात स्क्रीनवर क्रम बदलला. का, तर शॉपच्या दुसऱ्या टोकाला ग्राइंडर बंद पडला होता. बिचाऱ्याने सगळं उतरवून दुसरं चढवलं. पाऊण तासाने ग्राइंडर चालू झाला आणि स्क्रीनवर पुन्हा पहिला जॉब हजर. त्याने काही वाद घातला नाही. हात पुसायचा कॉटन वेस्टचा बोळा स्क्रीनवर टाकला आणि चहा प्यायला गेला. सकाळी मी खडू घेऊन फळ्यापाशी.

दहाबायदहा

लेख भंपक होता, मान्य. पण उत्तर देताना तुम्ही जी हातचलाखी केलीत ती सोडणार नाही. स्मिथ, जॅक्सन, जॉन्सन, तिघेही एक-दोन मशीनवाले. तुमच्या शॉपमध्ये दोनच मशीनं आहेत का? तीन मशीनचा फ्लो शॉप काय, दोन मशीनचा जॉब शॉप (प्रत्येक जॉबची वाट वेगळी) काय, दोन्ही एनपी-हार्ड (अचूक उत्तराची झटपट रीत माहीत नसलेले) आहेत हे १९७६ पासून माहीत आहे. तिथे तुमचा ड्यू डेटचा नियम म्हणजे नुसता अंदाज. सिद्धतेचा तोरा मिरवू नका.

फिशर-थॉम्पसनचं १९६३ चं १० जॉब, १० मशीनचं उदाहरण घ्या. जेमतेम १०० ऑपरेशन. प्रत्येक मशीनवरचे १०! (१०×९×…×१) क्रम असे दहा मशीनचे गुणले तर ६६ अंकी संख्या येते. (त्यातले पुष्कळ क्रम अशक्य असतात, पण उरतात तेही काही कमी नाहीत.) ९३० हाच सर्वात कमी मेकस्पॅन, हे सिद्ध करायला १९८९ उजाडलं. कार्लिये आणि पिन्सन. २६ वर्षं! १९९६ साली नोविकी आणि स्मुत्निकी यांनी टॅबू सर्च (नुकत्याच केलेल्या बदलांवर बंदी घालत शोधायची पद्धत) असा बांधला की अदलाबदल फक्त क्रिटिकल पाथवरच्या (एकूण वेळ ठरवणाऱ्या साखळीतल्या) ब्लॉकच्या, म्हणजे एकाच मशीनवरच्या सलग कामांच्या, कडेच्या जोड्यांची करायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही, कारण आतल्या जोड्या हलवून मेकस्पॅन कमी होतच नाही. त्यात ना लांडगा ना मुंगी, प्रश्नाची नाडी ओळखली एवढंच. आज फुकटात मिळणारा सीपी-सॅट (असे प्रश्न सोडवणारा प्रोग्रॅम) साध्या लॅपटॉपवर तेच ९३० सिद्धतेसकट काही सेकंदांत काढून देतो.

तुमच्या रात्री दोनच्या गोष्टीत अल्गोरिदमचा दोष कुठे आहे? पुढच्या चार तासांचा क्रम गोठवायचा असतो, हे बसवणाऱ्याला ठाऊक नव्हतं. गाडी भिंतीवर घातली म्हणून चाकाच्या शोधाला नावं ठेवणार का?

भोचकभवानी

लांडग्याचा विषय निघालाच आहे तर मलाही पोटातलं ओकू द्या. मी शोधनिबंध रिव्ह्यू करते. दर महिन्याला टेबलावर नवं जनावर. लांडगा, देवमासा, वटवाघूळ, काजवा. पेपरातली तीन पानं त्या जनावराच्या शिकारीच्या सवयींवर, अर्धं पान जॉब शॉपवर. समीकरणांवरची कातडी सोलली की आत तीच जुनी मंडळी: चांगल्या उत्तराकडे थोडं सरका, थोडं भरकटा. हार्मनी सर्च (संगीताची उपमा घेतलेली पद्धत) हा इव्होल्यूशन स्ट्रॅटेजीचाच (उत्क्रांतीवर बेतलेल्या जुन्या पद्धतीचाच) एक विशेष प्रकार आहे हे वेलँडने २०१० मध्येच दाखवलं. सोरेन्सनने २०१५ च्या लेखात या सगळ्या उपमाबाजीची जाहीर चंपी केली. फरक शून्य.

परवा एकाने ६ बाय ६ वर (६ जॉब, ६ मशीन) मेकस्पॅन ५५ आणला आणि निष्कर्षात 'श्रेष्ठत्व सिद्ध झाले'. अहो, ५५ पेन्सिलीने येतं!

पीएचडी_चालू_आहे

ताई, माझं जनावर त्या यादीत आहे. कोणतं ते सांगत नाही. मी आधी टॅबू सर्चच केला होता, टायार्डच्या १९९३ च्या चाचणी-उदाहरणांवर. त्यातली काही तीस वर्षांनंतरही सुटलेली नव्हती, त्यामुळे खाली मान घालायला लावणारे आकडे आले. गाइड म्हणाले, "यात नवीन काय?" जनावर घातलं, सहा महिन्यांत पेपर लागला. रिव्ह्यूअरने एकच शंका काढली: आकृतीतल्या प्राण्याला शेपूट का नाही.

भोचकभवानी

ती रिव्ह्यूअर मी नव्हे, देवाशपथ. बाकी तुझं दुःख कळतं. गाइडला सांग, शेपूट लावली तर आणखी एक पेपर होईल.

हिशेबी

एवढी डोकेफोड कशाला? कुठे अडतंय ते बघा, तिथे एक मशीन वाढवा. वेळापत्रक आपोआप सुधारतं. साधा व्यवहार आहे.

दहाबायदहा

आपोआप? घ्या मग. नऊ कामं, वेळा क्रमाने ३, २, २, २, ४, ४, ४, ४, ९ मिनिटं. पहिलं झाल्याशिवाय नववं नाही, चौथं झाल्याशिवाय पाच ते आठ नाहीत. मशीन मोकळं झालं की यादीतलं पहिलं तयार काम चढवायचं. तीन मशीनवर १२ मिनिटांत आटपतं. आता चार मशीनवर करा. १५ लागतात. बरं, मशीनं तीनच ठेवा आणि प्रत्येक काम एक मिनिटाने जलद करा. १३. ग्रॅहमने १९६६ साली मांडलेलं आहे, मी घरी केलेलं नाही.

तात्या_सेटर

खोटं वाटलं म्हणून रूट कार्डाच्या (जॉबचे टप्पे आणि वेळा लिहिलेल्या कार्डाच्या) पाठीवर मांडून बघितलं. बरोबर आहे राव. चौथं मशीन आलं की चार नंबरचं काम लगेच सुटतं, त्याच्या मागची चार पोरं धावत येऊन सगळी मशीनं अडवतात आणि नऊवालं दांडगं सहाव्या मिनिटापर्यंत दारात उभं. तीन मशीनवर ते तिसऱ्याच मिनिटाला चढलं होतं.

खडूफळा

मग दांडग्याला यादीत वर घ्या, चार मशीनवरही १२ च येतील. हे कळायला फळा पुरतो.

दहाबायदहा

'छोटं काम आधी' म्हणणारा कोण होता हो? आत्ता दांडगं आधी घेतलंत. नियम मोडलात तेव्हा उत्तर आलं. आणि ही नऊ कामं आहेत. नव्वद झाली की कोणत्या दांडग्याला वर घ्यायचं ते खडू सांगणार का?

तात्या_सेटर

तुमचं दोघांचं चालू द्या, पण मला एक सांगा. ही ३, २, ४ मिनिटं दिली कोणी? आमच्या कार्डावर व्हीएमसीचा (संगणकी मिलिंग मशीनचा) सेटअप ४० मिनिटं आहे. मी २७ वर्षांत एकदाही ४० मिनिटांत सेटअप केलेला नाही. सामान हाताशी असेल तर २५. नसेल तर ९०. तुमचा लांडगा असो नाहीतर ते सीपी-काय-ते, ४० धरून दहा दिवसांचं गणित मांडणार. खोट्या आकड्यावर खरं गणित.

स्टॉपवॉच

आता बोलावंच लागेल. मी आयई, कामाच्या वेळा मोजणारा इंजिनिअर. हे ४० आमच्या माथी मारू नका. मी स्वतः उभा राहून मोजलं होतं, ३८ आलं. तुम्ही लोक घड्याळ दिसलं की स्पॅनरसुद्धा दोनदा पुसता.

तात्या_सेटर

पुसणारच! पंचवीसमध्ये करून दाखवलं असतं तर पुढच्या आठवड्यात कार्डावर २२ आले असते. मग फिक्स्चर सापडलं नाही त्या दिवशी उत्तर द्यायला घड्याळवाला येतो का? त्या दिवशी मीच कामचुकार.

स्टॉपवॉच

म्हणजे कबूल करताय की मुद्दाम फुगवता. वर अल्गोरिदम चुकतो म्हणून तुम्हीच बोंब मारता. याला काय म्हणायचं?

तात्या_सेटर

पोट म्हणायचं. तुम्हाला कळणार नाही, तुमच्या कामाला स्टॉपवॉच लावत नाहीत.

पीस_पास

क्वालिटीची बाजू कुणीच मांडत नाही म्हणून. पहिला पीस पास होईपर्यंत मशीन उभं असतं ती वेळ कार्डावर कुठेच नाही. सेटअपमध्ये धरत नाहीत, रनमध्ये धरत नाहीत. आम्ही जणू प्रकाशाच्या वेगाने मोजतो. त्यात सीएमएम (मापं तपासायचं मशीन) एकच आणि पाळी बदलताना तिथे सात पीस रांगेत. हे वेळापत्रकात येईल तेव्हा मी स्वतः पेढे वाटीन.

स्टॉपवॉच

सीएमएमचा मुद्दा नोंदवून घेतला. तात्यांच्या भाषेचा नाही. आणि खडूफळा, तुमच्या फळ्यावर तरी कोणता आकडा असतो? कार्डाचाच ना?

खडूफळा

नाही. फळ्यावर मी मिनिटं लिहीतच नाही. 'तात्या, आधी हे' एवढंच लिहितो. किती लागतील ते मला माहीत असतं, कारण फिक्स्चर कुठे पडलंय ते मला माहीत असतं.

दहाबायदहा

थांबा. फिक्स्चर किती आहेत?

तात्या_सेटर

त्या कुटुंबातल्या जॉबना एकच. तीन व्हीएमसी, फिक्स्चर एक. दुसऱ्याकडे चढलेलं असेल तर तो बॅच संपवून उतरवेपर्यंत माझे ९०.

दहाबायदहा

मग तुमचा सेटअप ना ४०, ना ९०. तो २५ आहे, आणि उरलेली वेळ ही रांग आहे. फिक्स्चरसुद्धा एक मशीनच धरायचं: एका वेळी एकच जॉब. सीपी-सॅटमध्ये ही एका ओळीची अट आहे. सीएमएमही तसंच. जी वाट बघणं तुम्ही ४० मध्ये सरासरी करून कोंबलंय ते मग वेळापत्रकातून आपोआप बाहेर येईल. कुठल्या क्रमाने तीन व्हीएमसीवर ते फिरवलं तर कमी थांबावं लागेल, हेही. हे न सांगता तुम्ही सगळे दोन दिवस अल्गोरिदमला शिव्या देताय!

स्टॉपवॉच

टूल क्रिबमध्ये (अवजारांच्या कोठीत) फिक्स्चरची यादी आहे. कोणतं कुठे चढलंय याची नोंद नाही. ही आमची चूक, लिहून देतो. पण तात्यांनी २५ लेखी द्यावेत.

तात्या_सेटर

लेखी २५ दिले की वर्षभर त्याला कात्री लावायची नाही, हे तुम्ही लेखी द्या. मग बघू.

खडूफळा

दहाबायदहा, फिक्स्चर मशीन धरायचं हे आवडलं. चार तास गोठवायचे हेही ठीक. लांडग्याबद्दलचं माझं मत तेच आहे. आणि मेकस्पॅन काढून टाकून त्या जागी उशीर झालेल्या जॉबचे वजनी तास (महत्त्वाच्या जॉबचा उशीर जास्त मोजून) घाला, नाहीतर मी बघणारही नाही. एका आठवड्याचे जॉब पाठवतो, नावं खोडून. तुमचं उत्तर आणि माझा फळा शेजारी शेजारी लावू.

दहाबायदहा

पाठवा. हरलात तर फळा काढायचा.

खडूफळा

फळा काढणार नाही. तुमचं उत्तर त्यावर खडूने लिहीन. स्क्रीनवर आमच्याकडे बोळे पडतात.

तात्या_सेटर

नाव खोडताना सव्वीस नंबरच्या जॉबचं खोडू नका, त्याचं फिक्स्चर गेल्या पाळीपासून सापडत नाहीये. कुणी बघितलं असेल तर सांगा. निघालो, पाळी लागली.