शब्दचर्चा : लाच, अपहार, अफरातफर... 'पैसे खाल्ले' म्हणजे नेमकं काय केलं?

अनुस्वार :
एका तक्रारअर्जातलं वाक्य आहे : "ग्रामसेवकाने घरपट्टीच्या रकमेत भ्रष्टाचार करून व लाच खाऊन पदाचा गैरवापर केला." हकिकत एवढीच की घरपट्टीच्या पावत्या फाडल्या, पण सगळे पैसे बँकेत भरले नाहीत. इथे 'लाच' बसतो का? आणि 'गैरवापर' की 'दुरुपयोग'?

रोकडवही :
लाच इथे कुठेच नाही. लाचेचा पैसा देणाऱ्याच्या खिशातून येतो. घरपट्टीची पावती फाडली त्या क्षणी तो पैसा ग्रामनिधीचा झाला, आणि तो स्वतःसाठी वापरला तर तो अपहार. सगळा घोळ 'खाणे' या क्रियापदाने घातला आहे. बांधकाम परवान्यासाठी पाच हजार मागणाराही 'पैसे खातो' आणि पाणीपट्टी दडपणाराही 'पैसे खातो'. बोलताना कुणाचं काही अडत नाही. अर्जात मात्र अडतं, कारण पहिली तक्रार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे जाते आणि दुसरीची सुरुवात गटविकास अधिकाऱ्याकडून, दप्तर तपासणीने होते.

अपहार दाखवायला तीन कागद समोरासमोर ठेवावे लागतात : ग्रामपंचायतीच्या नमुना १० च्या कर पावत्यांच्या स्थळप्रती (पावतीपुस्तकात राहणाऱ्या प्रती), नमुना ५ ची रोकडवही आणि बँकेचं पासबुक. समजा, स्थळप्रतींची बेरीज ६२,४०० रुपये, रोकडवहीत जमा ६२,४०० आणि बँकेत भरणा ४१,०००. मधले २१,४०० रुपये 'हातशिल्लक' दाखवलेले असतात. ते तीन महिन्यांनी भरले, तर लेखापरीक्षक त्याला 'तात्पुरता अपहार' म्हणतात. पैसे परत आले म्हणून शब्द बदलत नाही, फक्त त्याला विशेषण लागतं.

याहून अवघड प्रकार म्हणजे लोकांच्या हातातल्या मूळ पावतीवर १,८५० आणि स्थळप्रतीवर ८५०. तिथे रोकडवही आणि पासबुक अगदी जुळतात. म्हणून निदान पाच-दहा खातेदारांच्या मूळ पावत्यांच्या छायाप्रती अर्जाला जोडाव्यात. नुसती रोकडवही पाहून केलेल्या तक्रारी इथेच पडतात.

कलमबहाद्दर :
रोकडवही यांना दुजोरा. लोकसेवकाने सोपवलेल्या पैशाचा अपहार म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ४०९. १ जुलै २०२४ पासूनच्या कृत्यांना भारतीय न्याय संहितेचं ३१६(५). लाच म्हणजे भ्रष्टाचार प्रतिबंध अधिनियम, १९८८ चं कलम ७, शिक्षा ३ ते ७ वर्षं. अपहार याच अधिनियमाच्या कलम १३ मध्येही येतो, तिथे ४ ते १० वर्षं. 'भ्रष्टाचार' हे कायद्याचं नाव आहे. 'भ्रष्टाचार केला' एवढ्याने कुठलाच गुन्हा सांगितला जात नाही.

मुळाक्षर :
अपहार आणि अपहरण एकाच धातूचे, अप + हृ. मराठीने वाटणी करून टाकली : पैशाचा अपहार, माणसाचं अपहरण. 'निधीचं अपहरण' लिहिलं की निधी नावाच्या मुलीला पळवल्यासारखं वाटतं.

'अफरातफर'ची गंमत वेगळीच. मूळ अरबी-फारसी इफ्रात-ओ-तफ्रीत, म्हणजे अती आणि उणे. हिंदीत त्याची 'अफरातफरी' झाली आणि अर्थ उरला धावपळ, गोंधळ. मराठीने मात्र तो जमाखर्चातच ठेवला : इकडचं तिकडे करून रक्कम गिळणं. त्यामुळे हिंदी बातमीचा अनुवाद करताना 'स्थानकात अफरातफर माजली' लिहिलं की स्टेशनमास्तर बिचारा फुकट अडकतो. माझ्या मते अपहारात रक्कम नाहीशी होते, अफरातफरीत नोंदी फिरवल्या जातात. वर १,८५०चे ८५० केले ती अफरातफर, आणि तिच्यातून झालेला हजाराचा अपहार.

बेळगावकर :
'लाच'बद्दल थोडं. संस्कृत-प्राकृतात लञ्चा. कन्नडमध्ये आजही लंच, तेलुगूत लंचम्, गुजरातीत लांच. हिंदीने रिश्वत आणि घूस घेतले, आपण आणि शेजाऱ्यांनी हा धरून ठेवला. मराठीतही पूर्वी 'लांच'च लिहीत. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, तेव्हा हाही गेला. (धागा काढणाऱ्याच्या नावाशी संबंध नाही.)

अनुस्वार :
मग चिरीमिरी, चहापाणी, टक्केवारी, मलिदा? यांना कायद्यात काही जागा?

कलमबहाद्दर :
नाही. टक्केवारी ठेकेदाराच्या बिलावर ठरते, मलिदा वाटून घेतात, चिरीमिरी किरकोळ असते. कायद्याला सगळं सारखंच. पूर्वी भ्रष्टाचार प्रतिबंध अधिनियमात कलम २०(३) होतं : रक्कम फारच क्षुल्लक असेल तर न्यायालय लाचेचं गृहीतक नाकारू शकत असे. २०१८च्या दुरुस्तीत ते गेलं. म्हणजे चिरीमिरीला जी थोडी ओसरी होती, तीही काढून घेतली.

पण हे शब्द पुरावा म्हणून फार मोलाचे. सापळ्याआधी दोन पंचांसमोर मागणीची पडताळणी होते, आवाज रेकॉर्ड होतो. तलाठी कधीच 'लाच द्या' म्हणत नाही. तो म्हणतो, "दोन ठेवा, उद्या फेरफार ओढतो." पंचनाम्यात हेच वाक्य जसंच्या तसं हवं आणि 'दोन' म्हणजे दोन हजार हे पुढच्या संभाषणातून दिसायला हवं. "आरोपीने लाचेची मागणी केली" हा लिहिणाऱ्याने काढलेला निष्कर्ष झाला. नोटा खिशात सापडल्या पण मागणी सिद्ध झाली नाही, तर लाच सिद्ध होत नाही. तक्रारदारानेच "साहेब, किती देऊ?" असं सुरू केलं की बचावाच्या वकिलाला आयतं मिळतं. तक्रारदार उलटला तरी परिस्थितीजन्य पुराव्यावर मागणी सिद्ध करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं. तरी आधाराला ते रेकॉर्डिंगच लागतं.

मुळाक्षर :
सापळ्याचा विषय निघालाच आहे तर 'रंगेहाथ'. फिनॉल्फ्थॅलीनची पावडर लावलेल्या नोटा हाताळल्या की हात सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात धुताना पाणी गुलाबी होतं. म्हणून 'रंगेहाथ' शब्द तिथून आला, असं मोठ्या खात्रीने सांगितलं जातं. तसं नाही. तो हिंदीतल्या 'रंगे हाथों' वरून आला आणि कुठल्याही चोराला लागतो. शिवाय महाराष्ट्रातल्या किती तरी सापळ्यांत अँथ्रासीन पावडर वापरलेली आहे. ती अतिनील दिव्याखाली निळसर चमकते, हात गुलाबी होतच नाहीत! आपला जुना शब्द 'मुद्देमालासह'.

रोकडवही :
'अपसंपदा' राहिला. वर्तमानपत्रं त्याला 'बेहिशेबी मालमत्ता' म्हणतात, ते नीट बसत नाही. हिशेब असतो, तो उत्पन्नाशी जुळत नाही. आधी परीक्षण कालावधी, म्हणजे ज्या वर्षांचा हिशेब तपासायचा ती, ठरवतात. सुरुवातीची मालमत्ता १० लाख, शेवटी ६२ लाख, म्हणजे वाढ ५२. त्यात कालावधीतला खर्च ४० लाख मिळवला की ९२. त्यातून कायदेशीर उत्पन्न ७० वजा. उरले २२ लाख, ती अपसंपदा. टक्केवारी उत्पन्नावर काढतात : २२ भागिले ७०, म्हणजे ३१.४३ टक्के. काही जण ६२ ने भागतात आणि ३५ टक्के छापतात. फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर तो विषम मानू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये म्हटलं होतं, म्हणून हा भागाकार चुकवून चालत नाही.

कलमबहाद्दर :
मूळ प्रश्न : गैरवापर की दुरुपयोग? माझा कान सांगतो, वस्तूचा गैरवापर (सरकारी जीप पोरांच्या शाळेला) आणि अधिकाराचा दुरुपयोग. व्याकरणाने दोन्ही चालतील. कायद्याने मात्र इथे खोच आहे. भ्रष्टाचार प्रतिबंध अधिनियमाच्या कलम १३(१)(घ) मध्ये पदाचा दुरुपयोग करून स्वतःला किंवा दुसऱ्याला फायदा मिळवून देणं हा स्वतंत्र गुन्हा होता. २६ जुलै २०१८ पासून ते उपकलम नाही. आता कलम १३ मध्ये दोनच गोष्टी उरल्या, अपहार आणि अपसंपदा. त्यामुळे त्यानंतरच्या घटनेसाठी नुसतं 'पदाचा दुरुपयोग केला' लिहिलं तर शब्द भारदस्त, हाती काही नाही.

पणजीवाला :
'हितसंबंध' विसरलात. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४(१)(छ) मध्ये पंचायतीच्या कामात 'प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष' हिस्सा असलेला सदस्य अपात्र ठरतो. नवऱ्याने ठेका घेतला तर बायकोचा हितसंबंध आला का, यावर नेहमी वाद. गोव्यात उत्तर सोपं, कारण पोर्तुगीज नागरी कायद्याने पतिपत्नीची मालमत्ता सामाईक. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच आधारावर पंचायत सदस्य पत्नीला अपात्र धरलं. लाच नाही, अपहार नाही, पावती नाही, तरी पद गेलं.

अनुस्वार :
आभार. वाक्य असं केलं : "नमुना १० वरील पावती क्र. … ते … अन्वये वसूल केलेल्या रु. ६२,४०० पैकी रु. २१,४०० बँकेत न भरता स्वतःकडे ठेवून ग्रामनिधीचा अपहार केला."

रोकडवही :
'स्वतःकडे ठेवून' काढा, ते तपासात निघेल. "भरणा केल्याचे आढळून येत नाही, सबब संशयित अपहार" एवढंच ठेवा. रक्कम अंकांत आणि अक्षरांतही लिहा. आणि कालावधी टाका, १ एप्रिलपासून.