वणवा डोंगरापलीकडे आहे. घर केव्हा सोडावे?

प्रश्न
आमचे घर वस्तीपासून दूर, उताराच्या माथ्याजवळ आहे. चार दिवसांपासून डोंगरापलीकडे वणवा पसरत आहे. काल रात्री कड्यावर प्रथमच तांबूस उजेड दिसला आणि आज सकाळी अंगणात अर्धवट जळालेले एक पान सापडले, जे उचलताच चुरले. घरात वृद्ध आई आहे, गोठ्यात तीन गाई आहेत. उपग्रहाच्या नकाशावर आग सहा किलोमीटर दूर दिसते आणि घर सोडण्याची सूचना अद्याप आलेली नाही. तोवर थांबावे का?

पहिला प्रतिसाद
कृपया त्या सहा किलोमीटरवर विसंबू नका. नकाशावरचे ठिपके उपग्रह वरून गेला त्या वेळचे असतात, आणि ते आपल्याला दिसेपर्यंत बहुधा काही तास उलटलेले असतात. शिवाय आग चढावर धावते, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून सुकवतात. उतार 10 अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो. आज तुमच्या अंगणात विझलेले पान पडले, पण वारा वाढला तर जळत्या ठिणग्याही किलोमीटरभर उडत येतात. आईंना आणि गाईंना आजच, उजेड असताना हलवा. सूचना येईपर्यंत रस्ता धुराने भरलेला असू शकतो.

दुसरा प्रतिसाद
वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे. वणव्यात बहुतेक घरे ज्वाळांपेक्षा ठिणग्यांनी पेटतात, म्हणून निघण्यापूर्वी पन्हळीतला पाचोळा काढा आणि भिंतीपासून निदान दीड मीटरपर्यंत सरपण, कडबा, चटया असे काहीही ठेवू नका. छतावर पाणी मारत थांबण्याचा मोह होईल; मात्र वीज गेली की पंपही बंद पडतो. गाईंची नायलॉनची दावी काढून सुती बांधा, कारण नायलॉन वितळून कातडीला चिकटते.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. दुपारी गाडी येत आहे. आईला दम्याचा त्रास आहे. तिच्या तोंडाला ओला रुमाल बांधला तर पुरेल का?

दुसरा प्रतिसाद
नाही. धुरातले सर्वांत घातक कण 2.5 मायक्रॉनहूनही बारीक असतात आणि ते ओल्या कापडातून सहज आत जातात. नाकाला घट्ट बसणारा एन-95 मास्क वापरा, गाडीच्या काचा बंद ठेवा, आणि श्वासाचे औषध सामानात न टाकता त्यांच्या हाताशी असू द्या.