मदत हवी आहे: असेंब्ली हॉल की अ‍ॅलन फील्डहाऊस?

अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमध्ये मी इंडियाना युनिव्हर्सिटीची फॅन (असेंब्ली हॉल हे आमचं स्टेडियम) आणि मामेभाऊ कॅन्सस युनिव्हर्सिटीचा (त्यांचं अ‍ॅलन फील्डहाऊस), त्यामुळे वाद रोजचाच. माझं म्हणणं आमच्याकडे पाच टायटल्स आहेत आणि 1976 ला आम्ही 32-0 केलं, त्यानंतर आजवर पुरुषांमध्ये एकही टीम अख्खा सीझन न हरता चॅम्पियन झालेली नाही. तो म्हणतो 1987 नंतर काय जिंकलात ते सांग, आम्ही 2008 आणि 2022 ला जिंकलो, आणि बास्केटबॉल शोधणारा नेस्मिथच आमचा पहिला कोच. मुद्दा खरा आहे त्याचा.

आता बाबा येतायत, त्यांना एकच मॅच दाखवायचीय. असेंब्ली हॉलच्या दोन्ही बाजूच्या गॅलऱ्या भिंतीसारख्या उभ्या चढतात, गुडघेदुखीवाल्यांना झेपेल का? अ‍ॅलनमध्ये बसायला कसं आहे? दोन्हीकडे जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा.