फॉलिक अ‍ॅसिडसोबत बी१२ पण बघा

बऱ्याचदा म्हटलं जातं की गरोदरपणात फॉलिक अ‍ॅसिडची गोळी सुरू आहे म्हणजे बाळाच्या मेंदूची काळजी मिटली. गोळी हवीच, पण बी१२ या जीवनसत्त्वाचं काय? आपल्याकडे शाकाहारी घरांत ते बऱ्याचदा कमी असतं कारण भाजी, डाळ, मोड आलेली कडधान्यं यांत ते नसतंच, दूध-दही, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळतं. मेंदूचे निरोप नेणाऱ्या नसांवर मायलिन नावाचं आवरण असतं, ते बनायला बी१२ लागतं.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांच्या टीमने 1993 पासून पुण्याजवळच्या 6 गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला, त्यात ज्यांचं बी१२ खूप कमी होतं त्यांची मुलं 9 वर्षांची झाल्यावर लक्ष टिकवण्याच्या आणि लक्षात ठेवण्याच्या काही चाचण्यांत मागे दिसली. म्हणजे आपल्याच मातीतली गोष्ट आहे ही!

माझ्या वहिनीचं पाचव्या महिन्यात तपासलं तर फारच कमी निघालं, आणि ती रोज पोळी-भाजी-वरण नीट जेवत होती हो. बाळंतपणानंतरही विसरू नका, आईच्या अंगात नसेल तर दुधातूनही बाळाला कमीच मिळतं. पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना बी१२ बद्दल नक्की विचारा.