मदत हवी आहे : लोहगावची सहा नंबर स्क्वाड्रन, लिबरेटर विमानं आणि आमचे आजोबा

निळीशाई :

नमस्कार मंडळी,

माझे आजोबा हवाई दलात फिटर होते. आमचं गाव कृष्णाकाठी, सांगली जिल्ह्यात. २०१९ च्या महापुरात घरातली लोखंडी ट्रंक पाण्याखाली गेली आणि त्यांच्या नोकरीचे बहुतेक कागद लगदा होऊन निघाले. आता हाती आहेत ती डिस्चार्ज बुकाची काही पानं आणि एक फोटो. आजोबांना जाऊन बरीच वर्षं झाली. आजी आहे, नव्वदीच्या पुढे, स्मरण चांगलं आहे. ती असेपर्यंत हा इतिहास नीट लिहून काढायचा आहे, म्हणून हा धागा.

पानांवर शाईने लिहिलेलं जे वाचता येतं ते असं : नंबर ६ स्क्वाड्रन, पूना, १९५२. ट्रेड एअरफ्रेम फिटर. फोटोत चार इंजिनांचं भलंमोठं विमान आहे, शेपटीला दोन उभे पंख, आणि पंखाखाली बाह्या दुमडलेली सहा माणसं. डावीकडून दुसरे आजोबा. विमानाच्या अंगावर ‘एचई ८’ एवढं दिसतं, पुढचे आकडे एकाच्या खांद्याआड गेलेत.

आजी म्हणते, “इंग्रजांनी मोडून टाकलेली विमानं आपल्या माणसांनी परत उभी केली, त्यांच्यावर हे काम करायचे. ती समुद्रावर जायची.”

घोळ पुढे आहे. सहा नंबरच्या स्क्वाड्रनबद्दल, म्हणजे विमानांच्या तुकडीबद्दल, मी जे वाचलं त्यात ती ब्रह्मदेशच्या लढाईत हरिकेन विमानं उडवत होती आणि फाळणीत पाकिस्तानकडे गेली. मग १९५२ मध्ये ती पुण्यात कशी? एका इंजिनाच्या हरिकेनवरून चार इंजिनांच्या बॉम्बरवर कशी आली? बॉम्बर असेल तर रोज समुद्रावर काय करत होती? आणि मोडलेल्या विमानांची गोष्ट खरी आहे का, की घरात सांगता सांगता वाढत गेली?

शिवाय आजोबांची पूर्ण नोंद कुठे मागायची, आणि असं एखादं विमान आजही पाहता येतं का, हेही कळलं तर फार बरं होईल.

गगनवेध :

तुमच्या आजीची आठवण शब्दशः खरी आहे, आधी हे सांगतो.

फोटोतलं विमान बी-२४ लिबरेटर. चार इंजिनं, शेपटीला दोन उभे पंख, खांद्याइतक्या उंचीवर बसवलेला लांब अरुंद पंख, ही त्याची ओळख. अमेरिकेने ही १८ हजारांहून जास्त बनवली, त्यांच्या दुसऱ्या कुठल्याही लष्करी विमानाची संख्या तिथवर गेलेली नाही. महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या लिबरेटर स्क्वाड्रन बंगालमधल्या दिग्री, सालबनी, धुबलिया अशा तळांवरून ब्रह्मदेश आणि मलायापर्यंत जात. ऑक्टोबर १९४४ मध्ये १५९ नंबरच्या स्क्वाड्रनची १५ विमानं पेनांगच्या बंदरात सुरुंग पेरून आली, जाऊन येऊन तीन हजार मैलांच्या वर. त्या काळात हे अंतर डोळे विस्फारायला लावणारं होतं.

ही विमानं उधार-भाडे करारावर, म्हणजे युद्धापुरती वापरायला म्हणून अमेरिकेकडून, मिळालेली होती. युद्ध संपल्यावर ती परत तरी करायची किंवा निकामी तरी करायची, अशी अट. म्हणून कानपूरजवळ चकेरीला ती रांगेने उभी केली आणि मुद्दाम मोडली. आतली उपकरणं फोडली, अंगावर घाव घातले, इंजिनांत वाळू टाकली. पुन्हा कोणी उडवू नयेत म्हणून केलेलं काम होतं ते.

स्वातंत्र्यानंतर आपल्याला जड बॉम्बर हवे होते आणि विकत घ्यायला पैसे नव्हते. बाहेरच्या जाणकारांनी ही विमानं दुरुस्त होणार नाहीत असं सांगितलं. तरी बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने काम अंगावर घेतलं. एका विमानाचा पंखा, दुसऱ्याचं चाक, तिसऱ्याचं इंजिन असं जुळवून ती कानपुरातच उडण्याजोगी केली आणि तिथून उडवत बंगळूरला नेऊन पूर्ण दुरुस्ती केली. त्यांचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी अशी चाळिसेक विमानं नेली. उघड्यावर पडून राहिलेलं, जोडजाड केलेलं चार इंजिनांचं विमान हजार मैल नेणं हे काळजाचंच काम होतं, आणि या माणसाचं नाव आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नाही याचं मला खरोखर वाईट वाटतं.

पहिली सहा विमानं तयार झाली आणि २ नोव्हेंबर १९४८ ला कानपूरला पाच नंबरची स्क्वाड्रन उभी राहिली. स्वतंत्र भारताची पहिली जड बॉम्बर स्क्वाड्रन ती. पुढे १९५७ मध्ये तिला कॅनबेरा ही जेट विमानं मिळाली.

आता तुमची सहा नंबर. तिच्या बाबतीत नाव एक आणि आयुष्यं दोन असा प्रकार आहे. १ डिसेंबर १९४२ ला त्रिचनापल्लीला ती सुरू झाली, स्क्वाड्रन लीडर मेहर सिंग यांच्या हाताखाली. ब्रह्मदेशच्या अराकान किनाऱ्यावरच्या आघाडीवर हरिकेनमधून जपानी फौजांचे फोटो काढून आणणं हे तिचं काम, त्यावरून तिला तिथे लढणाऱ्या ब्रिटिशांच्या चौदाव्या सैन्याचे डोळे म्हणत. युद्धानंतर तिला डकोटा ही मालवाहू विमानं मिळाली, ती कराचीला होती, आणि फाळणीत ती विमानं पाकिस्तानकडे गेली. आपल्याकडे हा नंबर काही वर्षं रिकामा राहिला. १९५१ मध्ये तोच नंबर देऊन नवी स्क्वाड्रन पुण्यात, लोहगावला उभारली आणि तिला लिबरेटर दिली. म्हणजे आजोबा या दुसऱ्या जन्माच्या अगदी सुरुवातीच्या माणसांपैकी.

दर्यावर्दी :

समुद्राचं मी सांगतो, कारण या गोष्टीचा पुढचा भाग आमच्या गोव्यात घडला.

लिबरेटरचा पल्ला लांब. १९४३ मध्ये अटलांटिक महासागराच्या मधोमध जर्मन पाणबुड्यांना मोकळं रान होतं, तिथवर किनाऱ्यावरून कुठलंच विमान पोचत नव्हतं. जास्त इंधन भरलेल्या लिबरेटरांनी ती जागा झाकली. आपल्या हवाई दलाने सहा नंबरच्या स्क्वाड्रनला तेच काम दिलं, अरबी समुद्रावर टेहळणी. त्यामुळे बांधणीने बॉम्बर आणि कामाने पहारेकरी, असं हे विमान.

१९६० नंतर एअर इंडियाची सुपर कॉन्स्टेलेशन ही प्रवासी विमानं हवाई दलाला मिळाली आणि तीही सहा नंबरकडे आली. लिबरेटर १९६८ च्या अखेरीस निवृत्त झाली. समुद्रावरच्या टेहळणीचं काम १९७६ मध्ये नौदलाकडे गेलं, तेव्हा पाच सुपर कॉन्स्टेलेशन घेऊन दाबोळीला नौदलाची ३१२ नंबरची स्क्वाड्रन सुरू झाली. आजोबांनी ज्या कामाची पाळंमुळं पुण्यात सांभाळली ते काम आजही नौदलाच्या विमानांतून चालू आहे, हे आजींना जरूर सांगा.

जुना फिटर :

ताई, मी बऱ्याच नंतर भरती झालो, लिबरेटरवर हात लावायचं भाग्य मला नाही. पण आमचे उस्ताद त्यावर वाढलेले होते.

एअरफ्रेम फिटर म्हणजे इंजिन सोडून विमानाचा सगळा सांगाडा त्याचा. पत्रा, रिबिटं, कंट्रोलच्या तारा, चाकं, ब्रेक, हायड्रॉलिकच्या नळ्या. लिबरेटरचे बॉम्बच्या खणाचे दरवाजे खाली उघडत नाहीत, दुकानाच्या शटरसारखे बाजूने वर सरकतात. त्यांच्या रुळात घाण बसली की अडकणार. खणाच्या मधून जेमतेम पाऊल मावेल एवढी पट्टी जाते, तीवरून पुढे-मागे जायचं. पुढचं चाक वैमानिकाला वळवता येत नाही, एका बाजूचा ब्रेक दाबून किंवा इंजिन कमी-जास्त करून विमान जमिनीवर फिरवावं लागतं. त्यामुळे ब्रेकवर ताण, आणि ते काम परत फिटरकडेच.

त्यात ही विमानं एकदा मोडून जोडलेली. सुटे भाग कंपनीकडून येणार नाहीत, जे दुसऱ्या विमानातून निघेल तेवढंच. समुद्रावर तासन् तास जाणाऱ्या विमानाची एक नळी फुटली तर आतल्या माणसांना उतरायला जागा नाही. सही करून विमान सोडणाऱ्या फिटरला हे रोज माहीत असतं. वैमानिकांची नावं पुस्तकांत येतात, फॉर्मवर सही करणाऱ्यांची येत नाहीत. तुम्ही लिहाच.

फोटोच्या मागे काही लिहिलंय का बघा. आमच्या काळी नावं मागे लिहायची पद्धत होती.

कागदपत्र :

नोंदींसाठी : एअरमन, म्हणजे हवाई दलातल्या अधिकारी नसलेल्या लोकांचे सेवाकागद नवी दिल्लीत सुब्रोतो पार्कच्या एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिसकडे असतात. अर्ज आजींच्या नावाने करा, पत्नी म्हणून त्यांचा हक्क पहिला. सोबत सर्व्हिस नंबर, हुद्दा, ट्रेड, आणि आजींना पेन्शन येत असेल तर पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची प्रत. डिस्चार्ज बुकाचं जे पान सर्वात स्वच्छ आहे त्याचा स्कॅन जोडा. सर्व्हिस नंबर वाचता येत नसेल तर पेन्शनच्या कागदावर तो मिळेल.

स्क्वाड्रनच्या रोजच्या नोंदवह्या ही वेगळी गोष्ट. संरक्षण मंत्रालयाच्या २०२१ च्या धोरणानुसार २५ वर्षांहून जुने कागद साधारणपणे खुले व्हायला हवेत, त्याचा हवाला देऊन मंत्रालयाच्या इतिहास विभागाला लिहा. १९४७ च्या आधीचं, हरिकेनच्या काळातलं हवं असेल तर लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये ‘एअर २७’ या मालिकेत बघा. तुम्हाला मात्र त्याची गरज नाही, आजोबांचा काळ नंतरचा आहे.

आणि भिजलेली पानं लॅमिनेट करू नका, कृपा करून. कोरड्या साध्या कागदांच्या मध्ये ठेवा, आणि आधी चांगल्या उजेडात फोटो काढून घ्या.

गगनवेध :

विमान पाहण्याबद्दल राहिलंच. दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात ‘एचई ९२४’ उभं आहे. जगात आज शिल्लक असलेल्या लिबरेटरांपैकी बरीचशी आपल्या हवाई दलाने सांभाळली म्हणूनच वाचली. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममधलं विमान आपलं ‘एचई ८०७’ आहे, १९७४ मध्ये आपल्याच लोकांनी ते उडवत तिकडे नेलं. त्याचा मूळ ब्रिटिश नंबर केएन ७५१, युद्धात ते त्यांच्या ९९ नंबरच्या स्क्वाड्रनकडे होतं, आणि आपल्याकडे सहा नंबरकडे. तुमच्या फोटोतला आकडाही ‘एचई ८’ ने सुरू होतो. तेच विमान आहे असं एवढ्यावरून म्हणता येणार नाही, पण फोटो मोठा करून नाकाजवळचा पत्रा आणि ठिगळं जुळवून बघण्यासारखं आहे. स्कॅन निदान ६०० डीपीआयचा करा.

निळीशाई :

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं आजीला मोठ्याने वाचून दाखवलं. मुन्शींचं नाव तिला माहीत नव्हतं, पण शटरसारखे दरवाजे ऐकल्यावर ती लगेच म्हणाली, “हो, त्यात बोटं सापडायची म्हणून ह्यांच्या नखांवर कायम काळं असायचं.”

जुना फिटर काका, फोटोच्या मागे खरंच पेन्सिलीने लिहिलेलं आहे, पुसट झालंय. इंग्रजीत आडनावं वाटतात, दोन तरी मराठी आहेत. उद्या तिरप्या उजेडात फोटो काढून इथे टाकते, नावं झाकून. आधी त्या घरांपर्यंत पोचायचं आहे. १९५२ च्या सुमारास लोहगावला असलेल्या एअरमनच्या कुटुंबांपैकी कोणी हा धागा वाचत असेल तर कृपया मला निरोप करा. फोटोतल्या उरलेल्या पाच जणांच्या घरी हा फोटो नसेल तर मला तो पोचवायचा आहे.

कागदपत्र, एक शंका : आजी सही करू शकत नाही, अंगठा देते. अर्जावर अंगठा चालतो का, आणि त्याला साक्षीदार कोण लागतो?

कागदपत्र :

अंगठा चालतो. राजपत्रित अधिकाऱ्यासमोर घ्या आणि त्यांची सही-शिक्का घ्या. सांगलीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलात तर अर्जाचं बाकीचंही ते बघून देतील, आजींना तिथवर न्यायची गरज आहे का हे मात्र आधी फोन करून विचारा.