आईच्या मैत्रिणींसाठी 'शांती'ची दुपार: जुन्या टीव्हीवर कसं दाखवू? (बजेट ३,०००)

कर्वेनगरची_लेक
मंडळी, सल्ला हवाय. पुढच्या महिन्यात आईची पंचाहत्तरी आहे. हॉल, केटरर, शाल-श्रीफळ काहीही नको म्हणाली. "त्यापेक्षा आमच्या बायकांना एक दुपार घरी बोलाव." आमच्या बायका म्हणजे सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यातल्या चौघी. वाडा पडून तिथे बिल्डिंग झाली, चौघी चार दिशांना गेल्या. एक तर थेट मोशीला. १९९४ ला दूरदर्शनवर 'शांती' सुरू झाली तेव्हा वाड्यात धड चालणारा रंगीत टीव्ही आमच्याकडेच होता. मागचं आवरून, हात पुसत सगळ्या आमच्याकडे यायच्या, आणि कुरडयांवर कावळे बसू नयेत म्हणून गच्चीवर मला बसवायच्या. त्यामुळे मालिका मी फक्त ऐकलीय.

तर प्रश्न असे. आईचा टीव्ही ३२ इंची एलसीडी आहे, स्मार्ट नाही. मागे एचडीएमआयचं एक भोक आहे. त्याला काय जोडलं की जुन्या मालिका दिसतील? आणि 'शांती'च लावावी की दुसरं काही? बजेट ३,०००, ताणून ३,५००. नवीन टीव्ही कृपया सुचवू नका. बाबांनी घेतलेला आहे, आई बदलू देत नाही.

पेठेतला_पंत
बजेट वाचलं. तरी सांगतो, ४३ इंची स्मार्ट टीव्ही घ्या. आम्ही दिवाळीत घेतला. जुना एक्स्चेंजमध्ये गेला, हप्ता कळतसुद्धा नाही. पाच बायका ३२ इंचात काय बघणार? पंचाहत्तरी एकदाच येते.

वायरमन_धायरी
पंत, शेवटची दोन वाक्यं वाचायची राहिली वाटतं तुमची.
ताई, एचडीएमआय आहे म्हणजे निम्मं काम झालं. बऱ्या कंपनीची स्ट्रीमिंग स्टिक, म्हणजे एचडीएमआयच्या भोकात खोचून टीव्हीवर इंटरनेटवरचं दाखवणारी छोटी कांडी, तुमच्या बजेटात बसते. फक्त तिला वीज टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका. जुन्या टीव्हीच्या यूएसबीला तेवढा करंट नसतो, मग ऐन रंगात स्टिक बंद पडते, परत चालू होते, परत बंद. डब्यात आलेला ॲडॅप्टर भिंतीवरच्या प्लगलाच लावा. आईकडे वायफाय आहे का?

सुलभामावशी
अगं बाई, 'शांती'! किती वर्षांनी नाव ऐकलं. मंदिरा बेदी काय दिसायची! दोन बड्या सिनेमावाल्यांची जीवनकथा लिहिते म्हणून त्यांच्या घरात शिरते आणि मुळात आलेली असते आईवरच्या अन्यायाचा जाब विचारायला. कामेश महादेवन आणि जी. जे. सिंग, ही नावं मला अजून पाठ आहेत. भाजीला काय आणायचं ते आठवत नाही. आपले यतीन कार्येकर होते त्यात, इरावती हर्षेही होती. आमच्या सासूबाई "मला हिंदी कळत नाही" म्हणून वाती वळत बसायच्या आणि ब्रेक लागला की बरोब्बर विचारायच्या, "तो खोटं बोलला ना गं आत्ता?"
'शांती'च लाव. स्टिक म्हणजे काय ते मला ठाऊक नाही, माझं नातू लावून देतो.

चिकित्सक_चिंचवड
अवांतर. 'शांती'ला सगळे पहिली डेली सोप म्हणतात. १९८४ चं 'हम लोग' कुठे गेलं मग?

सुलभामावशी
'हम लोग' दुपारी नव्हतं आणि रोजही नव्हतं. शेवटी अशोककुमार येऊन बोलायचे ते. उगाच काहीतरी.

चिकित्सक_चिंचवड
मी फक्त मुद्दा मांडला. रोज नव्हतं हे मान्य. पण मालिका म्हणून पाया त्यांनीच घातला.

प्राची_बावधन
सगळे 'शांती' 'शांती' करताय, 'दामिनी' कुणालाच आठवत नाही? आपल्या मराठीतली पहिली दैनंदिन मालिका, तीही दूरदर्शनचीच. प्रतीक्षा लोणकर. ती पत्रकार, शांतीही पत्रकार. तेव्हा दुपारी टीव्ही लावला की कुणीतरी बाई वही-पेन घेऊन कुणाचं तरी बिंग फोडायला निघालेलीच असायची. आताच्या मालिकांत बायका नोकरीला जातात की नाही तेच कळत नाही. मराठी बायका आहेत तर मराठी मालिका लावा की.

वाडा_ते_वाकड
+१ 'दामिनी'.
आमच्याकडे वडील पिंपरीला कंपनीत. त्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. ते झोपलेले, त्यामुळे टीव्ही बंद, त्यामुळे आईचा गुरुवारचा भाग कायम बुडायचा. शुक्रवारी सकाळी नळावर शेजारच्या काकू तो भाग अभिनयासकट करून दाखवायच्या. बादली भरून वाहायला लागली तरी संवाद अर्धवट सोडायच्या नाहीत. पुढे कधीतरी आईने एक भाग खरा पाहिला तर म्हणाली, काकूंनी जास्त चांगला केला होता.
म्हणून आठवलं. कार्यक्रम गुरुवारी ठेवू नका, देखभालीसाठी लाइट नेमकी गुरुवारी घालवतात.

सूरमयी
माझं मत 'आभाळमाया'. सुकन्या कुलकर्णी, मनोज जोशी, आणि ते शीर्षकगीत! मंगेश कुळकर्णींचे शब्द, अशोक पत्कींचं संगीत, देवकी पंडितांचा आवाज. गाणं लागलं की गॅस बारीक करून बाहेर यायचो आम्ही. झीच्या ॲपवर त्यांच्या जुन्या मालिका असतात, आधी शोधून बघा.

चिकित्सक_चिंचवड
'आभाळमाया' रात्रीची. धागा दुपारच्या मालिकांचा आहे.

सूरमयी
आम्ही दुपारीच बघायचो. पुनःप्रक्षेपण.

चिकित्सक_चिंचवड
पुनःप्रक्षेपणाने मालिका दुपारची होत नाही. तसं म्हटलं तर 'चार दिवस सासूचे'सुद्धा दुपारची.

सुलभामावशी
तीन हजारांच्या वर भाग होते त्याचे. कधीही टीव्ही लावा, रोहिणी हट्टंगडी असायच्याच.

सॅमी_औंध
केबल आल्यावर आम्ही तर स्टार प्लसवर 'द बोल्ड अँड द ब्यूटिफुल' आणि 'सांता बार्बरा' बघायचो. खरी डेटाइम सोप ती. लॉस एंजेलिसचं फॅशनवालं फॉरेस्टर खानदान, रिज आणि ब्रुक. आज लग्न, उद्या घटस्फोट, परवा परत लग्न.

सुलभामावशी
पंचाहत्तरीला घटस्फोट कशाला दाखवताय?

कॅसेटकिंग
कुणी जुन्या व्हीएचएस डिजिटल करून घ्या म्हणून सांगेल, त्याआधीच सांगून ठेवतो. माझ्याकडे 'स्वाभिमान' आणि 'शांती' दोन्ही व्हीसीआरवर टेप केलेलं होतं, स्टिकर लावून, तारखा घालून. पोटमाळ्यावर पांढरी बुरशी धरली. एका दुकानात साफ करून पेन ड्राइव्हवर घ्यायला दिल्या. महिनोन्महिने "होतंय, होतंय". शेवटी पेन ड्राइव्ह आला, त्यात अनोळखी माणसांच्या मुंजीचा व्हिडिओ. मुंज चांगली झालीय, बटू गोड आहे. माझ्या कॅसेट अजून आल्या नाहीत.

प्रोजेक्टरप्रेमी
प्रोजेक्टर घ्या. मी घेतलाय, भिंतभर दिसतं. वर्ल्ड कपला अख्खी सोसायटी आमच्याकडे होती. फक्त दुपारी पडदे जाड लागतात. आणि पंख्याचा आवाज येतो थोडा. आणि भिंत पांढरी हवी.

वायरमन_धायरी
आणि बजेट तिप्पट हवं.

निवृत्त_ध्वनिमुद्रक
चित्राचं सगळे बोलताय, आवाजाचं कुणीच नाही. पाहुण्या सत्तरीच्या पुढच्या, डोक्यावर पंखा चालू, आणि जुन्या वाड्यातल्या मैत्रिणी इतक्या वर्षांनी भेटणार म्हणजे एकीकडे गप्पा. पातळ टीव्हीचे स्पीकर बहुधा मागे किंवा खाली तोंड करून बसवलेले असतात, आवाज भिंतीवर आपटून पुढे येतो, संवाद फुटतात. जुन्या मालिकांचा मुळातला आवाजही दबका. टीव्हीला हेडफोनचं भोक असेल तर साधी ऑक्स वायर लावून बाहेरचा स्पीकर बायकांच्या जवळ ठेवा. टीव्हीजवळ नाही, त्यांच्याजवळ. ब्लूटूथ टाळा. कधीकधी आवाज मागे पडतो, ओठ आधी हलतात आणि वाक्य नंतर येतं.

दुसरं, त्या काळचं चित्र चार-बाय-तीनचं. तुमच्या टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, ते येऊ द्या. घरातलं कुणीतरी रिमोट घेऊन हमखास झूम करतं, मग वरून कपाळ टिकलीसकट कापलं जातं. किंवा चित्र ताणतात आणि सगळ्या नायिका बुटक्या, रुंद दिसायला लागतात. पिक्चर साइज ४:३ करून रिमोट लपवून ठेवा.

प्राची_बावधन
रिमोट लपवण्याला जोरदार अनुमोदन.

नागपूर_टू_पुणे
प्रसार भारतीचं वेव्हज ॲप बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलंय, दूरदर्शनचं जुनं बरंच आहे. पण नेमकी हवी ती मालिका असेलच असं धरून चालू नका. यूट्यूबवरही सलग भाग मिळतातच असं नाही. दोनच चांगले भाग आधी पूर्ण बघून ठरवा आणि लिंका क्रमाने लावून ठेवा. ऐनवेळी पाहुण्यांसमोर टाइप करत बसलात की भलतंच काहीतरी लागतं. आमच्याकडे सत्यनारायणाला आरती लावायला गेलो आणि गुटख्याची जाहिरात लागली.

वाडा_ते_वाकड
मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही, पण तेव्हा अँटेनाचं तोंड सिंहगडाकडे करायला लागायचं. पुण्याचं दूरदर्शन १९७३ पासून तिथल्या मनोऱ्यावरून यायचं. कौलांवर उभं राहून "आलं का?" ओरडायचं, खालून "मगाशी होतं!"

वायरमन_धायरी
आम्ही गडाच्या बाजूलाच. नुसती तार खिडकीतून बाहेर टाकली तरी दिसायचं. पेठेतल्या लोकांची मंदिरा बेदी दोन-दोन नाकांची असायची.

पेठेतला_पंत
आमच्याकडे व्यवस्थित दिसायचं. बूस्टर होता.

सुलभामावशी
पंत, तुमच्याकडे बूस्टर होता पण तुम्ही कुणाला घरात घ्यायचात का?

पेठेतला_पंत
दुपारी कोण कुणाकडे जातं, मावशी?

कर्वेनगरची_लेक
सगळ्यांचे आभार, पंतांचेही. वायफाय नाही, आई लावू देत नाही. हेडफोनचं भोक सापडलं, बाजूला धुळीत होतं.
आता एक गोची झालीय. सरप्राइज ठेवायचं होतं, पण मी फोनवर हा धागा वाचत होते आणि आई मागून वाचत होती. चष्मा नव्हता तरी. म्हणाली, "शांती? वाढदिवसाला? सगळ्याजणी पदर डोळ्याला लावून बसायचो. मला 'स्वाभिमान' बघायचंय."

प्राची_बावधन
आईंना मानलं!

कॅसेटकिंग
१९९५. महेश भट, लेखन शोभा डे आणि विनोद रंगनाथ. आशुतोष राणांचा त्यागी तिथलाच, मनोज बाजपेयीही होते, रोहित रॉयला घराघरात त्यानेच पोचवलं. माझ्याकडे पहिले भाग होते हो. मुंजीवाल्यांकडे आता कदाचित ते असतील.

सुलभामावशी
'स्वाभिमान'?? ती स्वेतलाना त्या केशव मल्होत्राची ठेवलेली बाई ना? तो मेल्यावर त्याच्या घरात हक्क सांगायला उभी राहते ती. बायकांसमोर बरं दिसेल का? 'शांती' लाव बाई, नाहीतर प्राची म्हणते ती 'दामिनी'.

सूरमयी
किंवा 'आभाळमाया'.

चिकित्सक_चिंचवड
रात्रीची.

कर्वेनगरची_लेक
मावशी, मीही आईला हेच म्हटलं. तर म्हणाली, "ठेवलेली होती, पण मान वर करून बोलायची. दिवाणखान्यात सगळे तिला हाकलायला टपलेले आणि ही साडीची निरी न हलवता उभी. आमच्यापैकी एकीला तरी सासरी तसं बोलता आलं का?" किटू गिडवानीची नक्कलही करून दाखवली, हनुवटी वर करून. आम्हा मुलींना मात्र तेव्हा "काय बघण्यासारखं आहे यात?" म्हणून बाहेर पिटाळायची. चौघींना फोन करून तिने परस्पर ठरवूनही टाकलंय. मोशीच्या काकू म्हणाल्या, स्वेतलाना असेल तर मी रिक्षाने येते, मुलाच्या सवडीची वाट बघत नाही.

तर निर्णय: स्टिक घेत नाही. भाच्याचा लॅपटॉप, मोबाइलचं हॉटस्पॉट, तापकीर गल्लीतून आणलेली लांब एचडीएमआय केबल आणि ऑक्स वायर. स्पीकर ऑफिसमधल्या मैत्रिणीचा. 'स्वाभिमान'चं जे चांगलं मिळेल ते आधी पूर्ण बघून ठेवते. उरलेल्या पैशांची मस्तानी आणि बटाटेवडे. बुधवारी करतोय, गुरुवारी नाही.

वायरमन_धायरी
स्टिक बरी पडली असती, पुढेही कामाला आली असती. असो. लॅपटॉपचा चार्जर लावून ठेवा आणि स्क्रीन आपोआप बंद होण्याची सेटिंग काढा. नाहीतर स्वेतलाना दारात उभी आणि पडदा काळा.

निवृत्त_ध्वनिमुद्रक
लॅपटॉप असेल तर ऑक्स वायर टीव्हीला नको, सरळ लॅपटॉपलाच लावा. आणि आदल्या दिवशी एकदा पंखा चालू ठेवून आवाज तपासा.

सुलभामावशी
मला पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठव. वडे मी आणते. 'स्वाभिमान' चालेल.

पेठेतला_पंत
एक्स्चेंज ऑफर रविवारपर्यंत आहे. बघा.